कादंबरीतल्या नायिकेला चुकायची मुभा का नाही? बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्येच हिशेब मांडला होता

एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. एक मुलगी असते. वय पंचविशी-तिशीच्या मधलं. लग्न झालेलं नसतं आणि घरच्यांना दुसरी काळजी नसते. एक दिवस ती ठरवते, बास झालं. मग ती नोकरी सोडते, नाहीतर शहर बदलते, केस कापते, एकटीच फिरायला निघते. नको त्या माणसाच्या प्रेमात पडते, तोंडावर आपटते, उठते, स्वतःवरच हसते. शेवटच्या पानावर आपण पुस्तक मिटतो तेव्हा आपल्यालाही जरा हलकं वाटतं.

अशा कादंबऱ्या आपण गाडीत बसून वाचतो, त्यांच्यावर निघालेल्या वेब सिरीज रात्र जागून बघतो. फार डोकं लावायचं काम नसतं.

पण या हलक्याफुलक्या गोष्टीला एक अट लागते. नायिकेला चुका करायची मुभा पाहिजे. तिची चूक झाली तर तिला टोमणे बसतील, रडू येईल, पण पुढच्या प्रकरणात ती पुन्हा उभी राहील, एवढी खात्री वाचणाऱ्याला पाहिजे. ती नसेल तर गोष्ट विनोदी राहत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी मराठी पुस्तकांतल्या बायकांना ही मुभा नव्हती. पुस्तकाबाहेरच्या बायकांना तर नव्हतीच.

आणि हे नुसतं मनात न ठेवता, कागदावर उतरवून, छापून, वर स्वतःचं नाव टाकणारी बाई होती आपल्या वऱ्हाडातली. गाव बुलढाणा. नाव ताराबाई शिंदे.

तेव्हाचं बुलढाणा

ताराबाईंचा जन्म १८५० चा. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होतं. त्या तीन वर्षांच्या असताना, १८५३ मध्ये, वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेलं, हवेला थंड असलेलं बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण झालं. डेप्युटी कमिशनरची कचेरी आली आणि कचेरीच्या मागोमाग कारकून, वकील, मास्तर हा सगळा लिहिणारा-वाचणारा वर्गही गावात दिसू लागला.

या कचेरीत हेडक्लार्क होते बापूजी हरी शिंदे. ताराबाईंचे वडील.

बापूजी नुसते साहेबाच्या हाताखाली सह्या घेत फिरणारे कारकून नव्हते. १८७१ मध्ये त्यांनी ‘हिंट टू द एज्युकेटेड नेटिव्ह्ज’ अशा इंग्रजी नावाचं पुस्तक काढलं होतं. नावावरूनच कळतं, की शिकलेल्या देशी माणसांना चार गोष्टी सुनवाव्यात असं त्यांना वाटत होतं. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला. त्या विचारांच्या माणसांशी शिंदे घराण्याचा संबंध होता.

म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाने पुस्तक लिहिणं आणि त्यात लोकांना खडे बोल सुनावणं हे ताराबाईंनी लहानपणापासून बघितलेलं होतं.

चार भावांत एकटी बहीण

बापूजींना चार मुलगे आणि एकच मुलगी. मुलींची शाळा त्या भागात नव्हती. पुण्यात फुले दांपत्याने १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली होती खरी, पण पुणं इथून तीनशे किलोमीटरहून लांब. आणि मराठा घरातली पोर एवढ्या लांब शिकायला पाठवायची, ही कल्पनाच तेव्हा कुणी केली नसती.

मग बापूजींनी मुलीला घरीच शिकवलं. मराठी तर शिकवलंच, शिवाय संस्कृत आणि इंग्रजीही. आज आपल्याला हे साधं वाटेल. पण बाईच्या हातात पुस्तक आलं की ती विधवा होते, अशी समजूत त्या काळी चांगल्या घरांत होती. अशा वेळी एका सरकारी कारकुनाने मुलीला तीन भाषा शिकवल्या.

ताराबाईंचं लग्न काळाच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झालं. एक गोष्ट मात्र रीतीपेक्षा वेगळी झाली. त्या सासरी गेल्या नाहीत, जावई घरात आला. घरजावई.

या एका गोष्टीने काय बदललं असेल, हे कुठल्याही सुनेला विचारा. डोक्यावर सासू नाही, नणंदेचा पहारा नाही, वाचत बसलं तर कामाचं नाव काढून उठवणारं कुणी नाही. आपलं लहानपण जिथे गेलं, त्याच घरात ताराबाई मोठ्या झाल्या, त्याच घरातली पुस्तकं, वर्तमानपत्रं वाचत राहिल्या. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्या काळात त्याचाही दोष बाईच्याच पदरात पडायचा.

पण म्हणून त्या मोकळ्या होत्या असं समजायचं कारण नाही. आपण मराठा घराण्याच्या चालीरीतींत कोंडलेली बाई आहोत, असं त्यांनीच आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला सांगितलंय. घर माहेरचं असलं तरी उंबरा उंबराच होता.

बाहेरचं जग आत यायचं ते छापील कागदातून.

तेव्हाच्या कादंबऱ्यांत बायका काय करायच्या?

ताराबाई वाचत्या झाल्या तेव्हा मराठी कादंबरीही नवीनच होती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. विधवांचे हाल हा तिचा विषय. पण वाचकांना वेड लावलं ते दुसऱ्याच तऱ्हेच्या कादंबऱ्यांनी. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली. पुढे नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली.

या कादंबऱ्या म्हणजे त्या काळचं मनोरंजन. राजेरजवाडे, सुंदर नायिका, कपटी खलनायक, ताटातूट, योगायोग आणि शेवटी गोड मीलन. नायिकेचं काम काय, तर सुंदर दिसायचं, संकटं सोसायची आणि शील सांभाळायचं. ती स्वतःहून काही ठरवत नाही. तिच्यावर गोष्टी घडत जातात.

आणि जी बाई स्वतःहून काही करते, ती बहुतेक वेळा कुलटा, नाहीतर कारस्थानी.

याशिवाय आणखी एक प्रकार चालायचा. बायकांच्या लबाडीच्या गोष्टींचा. रामजी गणोजी यांचं ‘स्त्रीचरित्र’ हे त्यातलं प्रसिद्ध पुस्तक. बायका नवऱ्याला कशा फसवतात, याच्या रसभरित गोष्टी आणि वर उपदेशाची फोडणी. म्हणजे मजाही घ्यायची आणि नाकही मुरडायचं.

१८७१ मध्ये महादेव बाळकृष्ण चितळे यांचं ‘मनोरमा’ नाटक आलं. ते समाजसुधारणेच्या विषयावरचं. पण तिथेही बिघडलेल्या बाईची गोष्ट होतीच.

हे सगळं लिहिणारे पुरुष. छापणारे पुरुष. वाचून माना डोलावणारेही बहुतेक पुरुष. पुस्तकातली बाई आपल्यासारखी आहे का, हे तपासायला बाई वाचक कुठे होती?

एक होती. बुलढाण्यात.

सुरतेचा खटला

१८८१ मध्ये गुजरातेतल्या सुरत भागातून एक बातमी आली आणि सगळ्या मुंबई इलाख्यात चर्चा सुरू झाली.

विजयालक्ष्मी नावाची एक ब्राह्मण विधवा. तरुण वय. पुनर्विवाह करायचा नाही, ही जातीची रीत. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, पण कागदावरच्या कायद्याने घरचं दार थोडंच उघडतं? तिला दिवस गेले. मूल जन्माला आलं. बदनामीच्या भीतीने तिने ते मारलं, असा तिच्यावर गुन्हा शाबीत झाला आणि कोर्टाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन जन्मठेप काळ्या पाण्याची झाली.

मूल एकटीचं नव्हतं. पण आरोपीच्या पिंजऱ्यात ती एकटीच उभी होती.

असे प्रसंग तेव्हा इतके व्हायचे, की फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवावं, नाहीतर तिथेच सोडून जावं. पण असं एखादंच घर. बाकी विहिरी होत्या.

विजयालक्ष्मीच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून येऊ लागले. काहींना दया आली. पण सनातनी मताच्या ‘पुणे वैभव’ने बायकांवरच तोंडसुख घेतलं. एका विजयालक्ष्मीचा प्रश्न राहिला बाजूला आणि एकूण बाईची जातच कशी वाईट, शिकलेल्या बायका कशा बिघडल्यात, यावर लिहिलं गेलं.

आज एखाद्या मुलीची बातमी येते आणि खाली कमेंटमध्ये मंडळी सगळ्या मुलींवर घसरतात ना? तसंच. फक्त तेव्हा कमेंटला उत्तर द्यायला मुली नव्हत्या.

हे सगळं वाचून बुलढाण्यातल्या एका घरात एका बाईचं डोकं फिरलं.

पाचशे प्रती, किंमत नऊ आणे

१८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक छोटं पुस्तक बाहेर पडलं. नाव ‘स्त्रीपुरुषतुलना’. प्रती पाचशे. किंमत नऊ आणे, म्हणजे रुपयाचे सोळा आणे धरले तर अर्ध्या रुपयाहून थोडी जास्त. लेखिका ताराबाई शिंदे. वय तेव्हा बत्तिशीच्या आसपास.

नावाखाली पुस्तकाचा हेतू सांगितला होता. स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण, हे उघड करून दाखवायचं.

इथे आपण जरा थांबू, कारण साहसी हा शब्द आज ऐकला की आपल्याला ट्रेकिंग आठवतं. तेव्हा साहस म्हणजे अविचार, आगळीक, वाईट काम करायला न कचरणं. एक जुना संस्कृत श्लोक आहे, त्यात बाईला नावं ठेवताना संशय, उद्धटपणा, कपट, साहस असे एकावर एक दोष रचलेत. शृंगाराच्या श्लोकांतला तो लोकप्रिय श्लोक. बायकांची निंदा करायची असली की विद्वान मंडळी तो तोंडावर फेकायची.

ताराबाईंनी काय केलं, तर त्याच श्लोकाची यादी हातात घेतली. एकेक दोष पुढे ठेवला आणि प्रत्येक वेळी एकच विचारलं, हा दोष पुरुषांत नाही का? बाईत किती आणि बाप्यात किती, ते मोजू या.

पुस्तकाच्या नावातली तुलना ती हीच. न्याय मागणाऱ्या माणसासारखी त्यांनी सुरुवातच केली नाही. दुकानदारासारखा तराजू काढला आणि दोन्ही पारड्यांत माल टाकायला लावला.

सावित्री गेली, नवरा कधी गेलाय?

पुस्तक गंभीर आहे, पण वाचताना अनेकदा हसू येतं. कारण ताराबाईंची भाषा. ती पंडिती मराठी नाही. ओट्यावर बसून बोलणाऱ्या, म्हणी वापरणाऱ्या, समोरच्याची टोपी उडवणाऱ्या बाईची भाषा आहे. आपली भाषा ओबडधोबड आणि कडक आहे, हे त्यांना ठाऊक होतं आणि तसं त्यांनी आधीच सांगूनही टाकलं होतं.

उदाहरण बघा. सावित्रीचं कौतुक सगळेच करतात. नवऱ्याचे प्राण आणायला ती यमाच्या मागे गेली. ताराबाई विचारतात, बरं, बायकोचा जीव परत आणायला यमाच्या दारात गेलेला एखादा नवरा ऐकिवात आहे का? जाणं सोडा, त्या वाटेवर निघाला असा तरी?

दुसरं उदाहरण. नवरा मेला की बाईचे केस काढायचे, तिला कोपऱ्यात बसवायचं, सणासमारंभाला तिचं तोंड बघायचं नाही. मग बायको मेल्यावर पुरुषाने दाढीमिशा काढून रानात जाऊन का बसू नये? तो तर दिवस होतात न होतात तोच दुसरी शोधायला लागतो.

तिसरं. म्हाताऱ्याच्या गळ्यात दहा-बारा वर्षांची पोर बांधायची आणि तो मेला की आयुष्यभर तिने शील सांभाळायचं. अशा पोरीचं पाऊल घसरलं तर दोष कोणाचा? तिचा, की बांधून देणाऱ्यांचा, की तिला फसवून वेळेवर हात वर करणाऱ्याचा?

देवांनाही त्यांनी सोडलं नाही. पुराणातल्या देवांचे उद्योग समोर ठेवले आणि पतिव्रतेचे नियम करणाऱ्यांनी स्वतःसाठी काय नियम केले ते दाखवा, असा प्रश्न टाकला.

सुधारक मंडळींच्या वाट्यालाही टोले आले. सभा भरवायच्या, भाषणं ठोकायची, ठराव करायचे आणि घरी जाऊन जुनंच चालू ठेवायचं. इंग्रजी कोट-पाटलोण चढवायची, बूट घालायचे, खाणंपिणं बदलायचं, त्याने धर्म बुडत नाही. पण विधवेचं लग्न म्हटलं की लगेच धर्म आठवतो. परदेशी मालाने इथले धंदे बसले, तिकडे यांचं लक्ष नाही. बायकांच्या चालचलणुकीवर पहारा ठेवायला मात्र यांना सवड आहे, हेही त्यांनी ऐकवलं.

आणि मग कादंबऱ्या हातात घेतल्या

या पुस्तकातला एक भाग आजच्या वाचणाऱ्यांसाठी खास आहे. ताराबाईंनी आपल्या काळातल्या पुस्तकांची, नाटकांची झडती घेतली. ‘स्त्रीचरित्र’, ‘मुक्तामाला’, ‘मनोरमा’ ही नावं त्यांच्या तडाख्यात येतात.

त्यांचं म्हणणं साधं होतं. तुम्ही गोष्टींत बायका रंगवता, त्या तुमच्या डोक्यातल्या. वाईट बाई दाखवता, पण तिला वाईट वाटेला कुणी नेलं ते पान गाळता. नवऱ्याला फसवणारी बाई दाखवता, पण ती ज्याच्यासोबत पळाली तोही पुरुषच होता ना? त्याचं चरित्र कुणी लिहायचं?

आज या प्रकारच्या टीकेला विद्यापीठांत मोठमोठी नावं आहेत, तिच्यावर पीएचडी होतात. ताराबाईंकडे ना कॉलेज होतं ना ग्रंथालय. त्यांच्याकडे घरात आलेली पुस्तकं होती आणि स्वतःचं, शेजारणीचं, नात्यातल्या बायकांचं आयुष्य होतं. पुस्तकातली बाई आणि समोरची बाई त्यांनी शेजारी उभ्या केल्या. दोघी जुळेनात.

म्हणूनच विजयालक्ष्मीचा खटला आणि मनोरंजनाच्या कादंबऱ्या हे दोन विषय एकाच पुस्तकात आले. वरवर पाहता एक कोर्टातली गोष्ट, दुसरी फावल्या वेळची. पण ताराबाईंच्या लेखी धागा एकच होता. गोष्टींत बाईची चूक म्हणजे तिचा नाश, हे इतक्या वेळा वाचलं-ऐकलं गेलं होतं, की खरी बाई फासावर निघाली तरी लोकांना त्यात विशेष वाटेना. उलट गोष्ट बरोबर संपली असंच वाटलं.

ताराबाई बंडखोर, पण कितपत?

आता सोशल मीडियावर ताराबाईंचा फोटो म्हणून कुठलंतरी चित्र टाकून त्यांना आजच्या भाषेत रंगवलं जातं. ते जरा जपून करायला पाहिजे.

ताराबाईंनी लग्न मोडा असं सांगितलं नाही. बाईने एकटीने राहावं, नोकरी करावी, असा त्यांचा आग्रह नव्हता. दोघांनी एकमेकांशी नीट वागलेला, सुखाचा संसार त्यांना हवाच होता. बाईने पतिव्रता असावं याला त्यांची हरकत नव्हती, पण मग नवराही त्या लायकीचा असावा, ही त्यांची अट होती. इंग्रज सरकारमुळे बायकांना शिक्षण मिळू लागलं म्हणून राणीच्या राज्याबद्दल त्यांनी चांगलंही लिहिलंय.

म्हणजे आजच्या कादंबरीतली, बॅग भरून घराबाहेर पडणारी नायिका त्या नव्हत्या. त्या लग्न झालेल्या, माहेरच्या घरात राहणाऱ्या, पडद्याच्या रीती पाळणाऱ्या घरातल्या बाई होत्या.

पण त्यांची मागणी मात्र पार मुळाला हात घालणारी होती. पुरुषाला जेवढ्या चुका माफ, तेवढ्याच बाईला माफ करा. नाहीतर दोघांनाही सारखी शिक्षा करा. यातलं काहीतरी एक निवडा.

योगायोग बघा, त्याच १८८२ मध्ये पुण्यात पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ आलं आणि त्यांनी आर्य महिला समाजही काढला. रमाबाईंचं ते पुस्तक बायकांना उपदेश करणारं होतं. ताराबाईंनी उपदेश पुरुषांना केला. तेव्हा हे उलटंच होतं.

पुस्तक आलं, मग काय झालं?

कौतुक झालं असं वाटत असेल तर नाही. पुस्तकावर नाकं मुरडली गेली, टिंगल झाली. बाईने लिहावं तर ओव्या लिहाव्यात, भक्तीची पदं लिहावीत. पुरुषांचे हिशेब काढणारी ही कोण? आणखी दुखरी गोष्ट म्हणजे सुधारणेच्या गोष्टी करणाऱ्यांतल्या काहींनाही हे पुस्तक पचलं नाही.

एक माणूस मात्र उभा राहिला. जोतीराव फुले. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’ नावाचे छोटे अंक काढले. पहिल्या अंकात त्यांनी पंडिता रमाबाईंची बाजू घेतली होती, कारण रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्यावर चहूकडून टीका चालू होती. दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंच्या पुस्तकाची बाजू घेतली. आपल्याच माणसांनी या पुस्तकाची अवहेलना केली, म्हणून त्यांनी त्यांचीही कानउघाडणी केली आणि ताराबाईंचा उल्लेख घरच्या लेकीसारखा प्रेमाने केला.

फुल्यांसारख्या माणसाची पाठराखण ही मोठी गोष्ट. पण ती पुरली नाही.

ताराबाईंनी नंतर दुसरं पुस्तक छापलं नाही. एवढी धारदार भाषा, एवढं वाचन, एवढा राग आणि एवढा विनोद, सगळं एका पुस्तकावर थांबलं. त्या पुढे बरीच वर्षं जगल्या. १९१० च्या सुमारास त्यांचं निधन झालं असं मानलं जातं. जन्माचं साल सापडतं, पुस्तकाचं साल सापडतं, छापखाना सापडतो, किंमत सापडते. मधली अठ्ठावीस वर्षं मात्र जवळपास कोरी आहेत.

आजकाल ट्रोलिंगला कंटाळून एखादी मुलगी अकाउंट बंद करते, तेव्हा आपण म्हणतो की दुर्लक्ष करायचं होतं. ताराबाईंचं काय झालं ते बघितलं की कळतं, गप्प बसवण्याची किंमत फक्त त्या बाईला मोजावी लागत नाही. जी पुस्तकं लिहिली गेली नाहीत, ती आपल्यालाही वाचायला मिळाली नाहीत.

९३ वर्षांनी पुस्तक परत आलं

पाचशे प्रती किती दिवस टिकणार? पुस्तक विस्मरणात गेलं.

ते परत आणलं डॉ. स. गं. मालशे यांनी. याच मालशेंनी धनंजय कीर यांच्यासोबत महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित केलं होतं. १९७५ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रकाशात आणलं. ते साल संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून जाहीर केलेलं. स्त्रीमुक्तीच्या चळवळीतल्या मुली आपल्याआधी कोण होतं ते शोधत होत्या आणि त्यांच्या हातात बुलढाण्याची ही बाई आली.

पुढे १९९४ मध्ये रोझलिंड ओ’हॅनलन या अभ्यासिकेने पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला. आज भारतातल्या पहिल्या आधुनिक स्त्रीवादी लेखनात त्याची गणना होते. जगभरातल्या विद्यापीठांत ते शिकवलं जातं.

बुलढाणा म्हटलं की आपल्याला लोणारचं सरोवर आठवतं, शेगावचे गजानन महाराज आठवतात, सिंदखेडराजाच्या जिजाऊ आठवतात. त्या यादीत ताराबाईंचं नाव अजून पटकन येत नाही. यायला हवं.

मग ती हसरी नायिका कधी आली?

ताराबाईंच्या पुस्तकानंतर बरोबर एक्कावन्न वर्षांनी, १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, हे त्यात उघडपणे आलं होतं. महाराष्ट्रात खळबळ उडाली. लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर.

पण ते नाव खरं नव्हतं. त्यामागे होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. १९३३ मध्ये, पुण्यासारख्या शहरी वातावरणात, शिकलेल्या लेखिकेलाही अविवाहित मुलींबद्दल खरं लिहिताना टोपणनाव घ्यावं लागलं होतं.

त्याच्या अर्धशतक आधी, बुलढाण्यासारख्या लहान गावातून, शाळेचं तोंड न बघितलेल्या ताराबाईंनी आपलं खरं नाव छापलं होतं.

त्यानंतर अनेक लेखिका आल्या. मराठी पुस्तकांतली मुलगी हळूहळू बाहेर पडू लागली, नोकरी करू लागली, नकार देऊ लागली, एकटी राहू लागली. आणि कधीतरी ती चुका करून स्वतःवर हसूही लागली. तिचं चुकणं हा तिचा शेवट राहिला नाही, गोष्टीतला एक प्रसंग झाला.

पुढच्या वेळी अशी एखादी कादंबरी हातात घ्याल, ज्यात नायिका नोकरीला रामराम ठोकते, भलत्याच माणसाच्या मागे लागते आणि तरी शेवटी आइस्क्रीम खात खिदळत बसते, तेव्हा सुरतेच्या विजयालक्ष्मीला एकदा आठवा. तिला पुढचं प्रकरण मिळालं नाही.

आणि तिच्यासाठी बुलढाण्यात बसून तराजू उचलणाऱ्या ताराबाईंनाही आठवा. त्यांचं पुस्तक आज सहज मिळतं, आकाराने लहान आहे आणि एका बैठकीत वाचून होतं.